मशीन दिसेल अशा जागी

१६ फेब्रुवारी, शनिवार

ही वही मी विकत घेतलेली नाही. सिगारेट विकणाऱ्यांची बैठक झाली, तिथे प्रत्येकाला एक दिली. पाकिटं देणारं मशीन बिघडलं की तारीख घालून लिहून ठेवायचं, म्हणजे दुरुस्तीच्या माणसाला दाखवता येईल. आमचं मशीन इतक्या वर्षांत दोनदा बिघडलं आणि दोन्ही वेळा मी लाथ घालून चालू केलं. एवढ्यासाठी दोनशे पानं. कागद वाया गेलेला मला बघवत नाही, म्हणून मधल्या दिवसांचंही लिहीन. माझी शाळा पंधराव्या वर्षी सुटली, मग ओसाकाला गिरणीत. अवघड अक्षरं मला येत नाहीत. ज्याला वाचायचा त्रास होईल त्याने वाचू नये.

बैठकीत सांगितलं ते असं. एक मार्चपासून आमच्या कागोशिमा प्रांतात मशीन नुसत्या पैशांवर पाकीट देणार नाही. आधी कार्ड टेकवायचं. कार्ड वीस वर्षं पुरी झालेल्यालाच मिळणार. त्यासाठी अर्ज, फोटो, ओळखीच्या कागदाची प्रत, सगळं टपालाने पाठवायचं. पोरांनी सिगारेटी ओढू नयेत म्हणून हे सगळं. या बेटावर पोरं उरलीत किती, ते कुणी विचारलं नाही.

नियमांचं पुस्तकही दिलं. चाळलं. नियम मोडला तर परवाना जातो असं तीन ठिकाणी लिहिलंय. तेवढं मला वाचता आलं.

परवाना नवऱ्यामागे माझ्या नावावर झाला. तो गेला तर नवा मिळणार नाही, कारण धक्क्यावर ते चोवीस तासांचं दुकान आलंय आणि सिगारेटच्या दोन दुकानांत जितकं अंतर लागतं तितकं आता उरलेलं नाही. जुना आहे तोवर आम्ही आहोत. आम्ही म्हणजे मी आणि सासूबाई. त्या शहाऐंशीच्या. कंबरेने गेल्यात, जीभ शाबूत आहे.

१ मार्च, शनिवार

सकाळच्या बोटीचे लोक उतरले आणि मशीनवर थपडा सुरू झाल्या. दुकानाला खिडकी आहे, मी तिच्यामागे बसते. मशीन कोपऱ्यापलीकडे, बोळात. मला दिसत नाही, ऐकू येतं.

"मावशी, हे पैसे परत टाकतंय."

"कार्ड लागतं."

"कसलं कार्ड?"

"दोन महिने टीव्हीवर सांगतायत ते."

"मग आता?"

"आता माझ्याकडून घ्या."

हे असं सत्तेचाळीस वेळा. सत्तेचाळीस वेळा उठले, चहा तीनदा ओतून दिला. सासूबाई आतून प्रत्येक वेळी विचारत होत्या, "कोण होतं गं?" नांगर दुरुस्त करणारा होता. पोस्टातला होता. मुलगी बाळंत झाली म्हणाला, मुलगा झाला. सगळं ओरडून सांगावं लागलं. घसा बसला.

एक उंच माणूस आला. मी याला ओळखलं नाही. म्हणाला, "मी उचिझोनो. बोटीचे दोर मी बांधतो."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

अकरा वर्षं हा रोज आमच्या मशीनमधून एक पाकीट घेतोय आणि मी याचं तोंड आज पाहिलं. पाकीट दिलं. "थंडी कमी झाली," म्हणाला. कमी झाली नव्हती.

६ मार्च, गुरुवार

अर्जांचा गठ्ठा आणून ठेवलाय. जो येईल त्याच्यासमोर अर्ज ठेवते आणि तिथेच भरून घेते. म्हाताऱ्यांचे फोटो टोपी घालून काढलेले, ते परत येतात. एकाने बायकोबरोबरचा फोटो दिला आणि म्हणाला, तिला कापा. मी कापलं. बायको दुपारी भांडायला आली, का कापलं म्हणून.

उचिझोनो रोज येतो. अर्ज दिलाय त्याला.

"भरला का?"

"वाचतोय."

"एक पान आहे."

"दोन्ही बाजूंनी आहे, फुजिए-सान."

माझं नाव कुठून कळलं कोण जाणे. खिडकीवर परवान्याची प्रत टांगलीय, त्यावरून वाचलं असेल. म्हणजे वाचता येतं. मग आळशीच म्हणायचा.

११ मार्च, मंगळवार

माझं कार्ड आलं. मी सिगारेट ओढत नाही. मशीन तपासायला असावं म्हणून मागवलं होतं. फोटोत मी कुणाला तरी मारायला निघाल्यासारखी दिसते.

दुपारी नवव्यांदा उठले तेव्हा डोक्यात आलं. कार्डाला भोक आहेच. त्यात दोरी ओवली, मशीनच्या बाजूच्या खिळ्याला बांधली, वर कागद लावला: "कार्ड नसलेल्यांनी हे टेकवावं. परत लटकवावं. तोडून नेऊ नये." कुणाची अडचण नको आणि मला ऊठबस नको. चार वाजेपर्यंत सलग बसले. चहा गरम प्यायले. दहा दिवसांत पहिल्यांदा.

फक्त उचिझोनो खिडकीशी आला.

"तिकडे कार्ड लटकवलंय," मी म्हटलं.

"पाहिलं. दुसऱ्याचं कार्ड वापरायचं नसतं."

"कुठं लिहिलंय?"

"कार्डाच्या मागे. पुस्तकातही असेल."

"पोरं येतच नाहीत इथे. येतात ते सगळे साठीचे."

"ते खरं. पण तुमचा परवाना आहे."

माझ्या परवान्याची मला काळजी आहे, त्याने करायचं कारण नाही. तसं त्याला म्हटलं. त्याने मान डोलावली, पाकीट घेतलं, जाताना म्हणाला, मुळा यंदा चांगला आलाय. मी मुळा विकत नाही.

१९ मार्च, बुधवार

शांत दिवस. खिडकीशी एकच गिऱ्हाईक, तो दोरवाला.

सासूबाई कुरकुरतायत. "आज कुणी आलं नाही का?"

"आले. मशीनकडून गेले."

"कोण कोण?"

"मला काय माहीत. मशीन बोळात आहे."

"पोस्टातल्याच्या नातवाचं नाव काय ठेवलं?"

"आई, मला काय माहीत."

मग भिंग मागितलं आणि नियमांचं पुस्तक मागितलं. पूर्ण दुपार वाचत होत्या. आयुष्यभर वर्तमानपत्राला हात लावला नाही, आता शहाऐंशीव्या वर्षी वाचनाची आवड लागलीय. कुणाला कशाचं वेड लागेल सांगता येत नाही.

२२ मार्च, शनिवार

मासळीवाल्या योशिमेकडून बांगडे आणले. घरात आले तर सासूबाईंच्या हातात फोन. मला पाहून ठेवला.

"कुणाचा?"

"चुकीचा नंबर होता."

आमच्याकडे चुकीचे नंबर फार येतात. जेवल्या मात्र व्यवस्थित.

२७ मार्च, गुरुवार

आज नीट लिहिते.

साडेदहाला एक माणूस खिडकीशी आला. टाय, पातळ बॅग, बोट लागून रंग उतरलेला. म्हणाला, परवाना खात्यातून आलोय, नाव कुवाहाता. मशीन बघू या. बोळात गेलो. खिळ्याला माझं कार्ड वाऱ्यावर हलत होतं आणि गॅसवाला ते हातात धरून, कागदावरची सूचना मोठ्याने वाचत, टेकवत होता. त्याने पाकीट घेतलं, कार्ड व्यवस्थित परत लटकवलं, कुवाहाताला म्हणाला, "आता तुम्ही घ्या," आणि गेला.

कुवाहाताने कार्डावरचा फोटो पाहिला. मग मला पाहिलं.

"हे तुमचं, बाई?"

नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याने कार्डाचा फोटो काढला, कागदाचा काढला, खिळ्याचासुद्धा काढला. मग दुकानात येऊन माझ्या जागेवर बसला आणि मान वाकडी करून बोळाकडे पाहायला लागला.

"इथून मशीन दिसत नाही."

"ऐकू येतं."

"नियम दिसण्याचा आहे. विक्रेत्याला मशीन दिसेल अशा जागी. हे तर कार्डाच्याही आधीपासून आहे."

"मशीन त्याच्याही आधीपासून आहे."

तो हसला नाही. दोन चुका झाल्या म्हणाला. दहा एप्रिलला कार्यालयात यायचं, लेखी खुलासा आणायचा. परवाना ठेवायचा की काढायचा ते वरचे ठरवतील. कार्ड त्याने जप्त केलं. मी विचारलं, या बेटावर तुम्ही कधी येत नाही, आजच कसे आलात. म्हणाला, फोन आला होता. कुणाचा? ते सांगता येत नाही. मी सोडलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "वयस्कर आवाज होता. आणि नियमाचं पान नंबरासकट सांगितलं."

पुस्तकात काय लिहिलंय ते माहीत असलेला माणूस या गावात एकच आहे.

२८ मार्च, शुक्रवार

नऊ-चाळीसच्या बोटीची माणसं खिडकीशी होती. आता कार्ड नाही म्हटल्यावर रांगच होती. उचिझोनो रांगेत चौथा. त्याची पाळी येईपर्यंत थांबले.

"फोन केलात ना खात्याला?"

"कसला फोन?"

"वयस्कर आवाज. पान नंबर. तुम्हीच सांगितलं होतं ना, दुसऱ्याचं कार्ड वापरायचं नसतं. अकरा वर्षं माझ्या मशीनचं खाऊन, म्हणजे ओढून, माझाच परवाना घालवायला निघालात."

मागे योशिमेच्या हातात मासा होता, तो तसाच राहिला.

मी म्हटलं, "तुम्हाला या दुकानातून पाकीट मिळणार नाही. आज नाही, कधीच नाही."

त्याने टोपी काढली, वाकला, टोपी घातली आणि गेला. चोराला उत्तर सुचत नाही ते असं. आतून सासूबाईंनी हाक मारली, "कोण होतं गं?" मी सांगितलं कोण होतं आणि काय म्हटलं ते. पुढे एकही प्रश्न नाही. भात तसाच परत आला.

६ एप्रिल, रविवार

योशिमे म्हणाली, धक्क्यावरच्या दुकानात लोक बघतात म्हणून उचिझोनो सायकलने खिंड चढून पलीकडच्या गावात जातो पाकिटाला. दीड तास जाऊन-येऊन. वाटेत उतरून ढकलावी लागते.

"जाऊ दे. पाय मोकळे होतात."

"धक्क्यावर कुणी बोलत नाही गं त्याच्याशी. त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं."

"ऐकवायलाच बोलले."

सासूबाई दोन घास खातात आणि ताट सरकवतात. डॉक्टर म्हणाला, काही नाही, वय. तिसऱ्यांदा विचारलं, "तो दोरवाला येत नाही का?" मी म्हटलं, आई, त्याच्यामुळे आपण रस्त्यावर येतोय. त्या भिंतीकडे वळल्या.

९ एप्रिल, बुधवार

दिवसभर खुलासा लिहीत बसले. अवघड शब्दांच्या जागी सोपे घातले. चूक झाली, पुन्हा होणार नाही, घरात एक वृद्ध आहे, दुकानाशिवाय दुसरं काही नाही, असं सगळं. शेवटी लिहिलं की हा फोन उचिझोनो नावाच्या माणसाने मनात वाईट ठेवून केला, तर त्याचाही विचार व्हावा.

सासूबाईंना वाचून दाखवला. डोळे मिटून ऐकलं.

"ते नाव खोड."

"का म्हणून?"

"खोड. फोन मी केला."

मी पेन खाली ठेवलं. आधी वाटलं भ्रमात बोलतायत. मग त्यांनी पान नंबर सांगितला.

"आई, परवाना जाईल. कळतंय का तुम्हाला? तुमच्याच मुलाचं दुकान."

"मला वाटलं रागावतील आणि कार्ड काढायला लावतील. परवान्यापर्यंत जातील असं वाटलं नाही."

"कार्डाने तुमचं काय खाल्लं होतं?"

"तू दिवसभर खिडकीशी बसायचीस आणि खिडकीशी कुणी यायचं नाही. पहिल्या दहा दिवसांत किती माणसं आली. सगळ्यांचं कळायचं. नंतर नुसतं मशीन. पाकीट पडल्याचा आवाज ऐकून काय करू मी? त्यावरून कळतं का कोण मेलं, कोण आलं?"

"मला सांगायचं होतं."

"तुला सांगितलं. तू म्हणालीस, मला काय माहीत."

हे मी म्हणाले असेन. मला कामं असतात.

खुलासा फाडला आणि नवा लिहिला. त्यात कुणाचंच नाव नाही. संध्याकाळी सासूबाईंनी मासा पूर्ण खाल्ला. माझ्या ताटातला तसाच राहिला.

१० एप्रिल, गुरुवार

सात-पन्नासची बोट. धक्क्यावर उचिझोनो दोराशी उभा. मी वाटेत ठरवलं होतं की त्याला बाजूला घेऊन सांगायचं. पण बोलले होते चारचौघांत, मग बाजूला का घ्यायचं. बोटीत चढले, कठड्याशी गेले. तोवर त्याने खुंट्यावरून दोर काढला होता आणि दोन्ही हातांत धरला होता.

"उचिझोनो-सान."

त्याने वर पाहिलं. डेकवरचे सगळे माझ्याकडे वळले.

"फोन तुम्ही केला नव्हता. मी चुकले. त्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं."

वाकायला त्याला जमेना, हातात दोर. सोडायची अजून खूण झाली नव्हती. नुसता उभा. मीही उभी. शेवटी भोंगा झाला, त्याने दोर सोडला, पाण्याचं अंतर पडलं, तेव्हा म्हणाला, "मग पाकीट मिळेल का?"

"मिळेल."

"किती वाजता येता परत?"

"चारच्या बोटीने. तोवर दुकान बंद आहे."

"थांबतो," म्हणाला. सिगारेटीवाचून माणसं कशी कासावीस होतात ते मला माहीत आहे.

कार्यालयात तिघं बसले होते, कुवाहाता कडेला. खुलासा वाचला. मधल्याने विचारलं, मशीन दिसत नाही त्याचं काय करणार. हलवायला जागा नाही, हे मी सांगितलं. पण बोळाच्या बाजूला सासूबाईंच्या खोलीची खिडकी आहे. वारा येतो म्हणून मी तिच्यापुढे कपाट लावलंय. कपाट काढलं तर मशीन हाताच्या अंतरावर.

"मग बघणार कोण?"

"सासूबाई."

"वय?"

"शहाऐंशी."

"दिसतं त्यांना?"

"जे बघायचं नसतं तेही दिसतं. आणि त्यांना नियम पाठ आहेत, पान नंबरासकट."

कुवाहाता एकदम खाली बघायला लागला. आवाज आठवला असणार. कळवू म्हणाले.

२४ एप्रिल, गुरुवार

चौदा दिवस टपालवाल्याच्या पावलांवर कान ठेवून होते. आज पत्र आलं. उघडायचं धाडस होईना, शेवटी सासूबाईंनी भिंगाने वाचलं. परवाना राहिला. लेखी ताकीद. मशीन चार मेपर्यंत बंद. देखरेखीची व्यवस्था करून तिचा फोटो पाठवायचा. पुढच्या चुकीला ताकीद नाही, सरळ परवाना जाणार.

"राहिला," त्या म्हणाल्या आणि पत्र उशीखाली ठेवलं. पत्र माझ्या नावावर आहे.

मी मागच्या अंगणात गेले आणि धुतलेलेच कपडे परत धुतले.

३ मे, शनिवार

कपाट हलेना. उचिझोनो पाकिटाला आला होता, त्याने पाहिलं, दोर घेऊन आला, कपाटाखालून घातला आणि दहा मिनिटांत पलीकडे. खिडकी नऊ वर्षांनी उघडली. सासूबाईंचं अंथरूण तिच्याशी लावलं. त्यांनी बाहेर हात काढून मशीनला लावून पाहिला.

चहा विचारला त्याला. दोन कप प्यायला. तो आणि सासूबाई मुळ्यावर बोलत बसले.

५ मे, सोमवार

मशीन चालू. सासूबाई सकाळी सहापासून केस विंचरून खिडकीत.

"कार्ड दाखव. फोटो तुझाच का? वय काय?"

"एकाहत्तर, आजी."

"कुणाचा तू?"

मग त्याचा बाप निघाला, बापाचं जहाज निघालं, आणि मागे चार माणसं खोळंबली. एकजण म्हणाला, यापेक्षा खिडकीवरून लवकर मिळतं. आणि माझ्याकडे आला. पुन्हा ऊठबस. आज अडतीस वेळा.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "त्या दोरवाल्याकडे कार्ड आहे."

"कुणी सांगितलं?"

"पाहिलं. मशीनसमोर उभा राहिला, खिशातून काढलं, परत ठेवलं आणि तुझ्याकडे गेला. त्यावर मार्चची तारीख आहे."

"मग वापरत का नाही?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सूप प्यायल्या. "मला काय माहीत," म्हणाल्या.

११ मे, रविवार

दुपारी उचिझोनो खिडकीशी आला. मी पाकीट काढून ठेवलं. त्याने ते मागे सरकवलं.

"नको?"

"सोडली. तीन दिवस झाले."

"मग काय हवंय?"

"काही नाही."

"मग?"

"बोट वीस मिनिटं उशिरा आहे."

बोट उशिरा असली की माणसाने काय करावं हे मी काय सांगणार. तो उभा राहिला. मी बसले. हवा, मुळा, ओसाकाच्या गिरणीत दिवसाला सुताच्या किती चात्या बघाव्या लागायच्या, असं काहीबाही निघालं. बोट वीस नाही, पस्तीस मिनिटं उशिरा आली आणि तो सगळा वेळ उभाच. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखत असणार.

खिडकीबाहेर एक बाकडं मावेल. परवान्याच्या दुकानाबाहेर बसायला ठेवायचं नाही असं कुठे असेल म्हणून नियमांचं पुस्तक काढलं. अवघड अक्षरं सासूबाईंकडून वाचून घेतली. दोनदा पाहिलं. बाकड्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही.